आठ युरोच्या आतली गोडी: माइन्झमधल्या स्वयंपाकघराच्या नोंदी

शनिवार, 2 मार्च 2024

तारीख ठरली. 18 मेला आमच्याकडे बारा जणांचं जेवण. निम्मी मराठी मंडळी, निम्मी माझ्या लॅबमधली आणि नवऱ्याच्या ऑफिसातली जर्मन मंडळी. बेत आमच्या भागातला: भडंग, कोथिंबीर वडी, तांबडा रस्सा, भरली वांगी, चिंचगुळाची आमटी, भाकरी, भात, शेवटी श्रीखंड. वाइन मात्र इथलीच हवी. राहतो माइन्झमध्ये. जर्मनीत वाइनचे तेरा प्रदेश आहेत, त्यांतला सर्वांत मोठा राइनहेसन, आणि तो आमच्या दाराशी सुरू होतो. मग बाटली बाहेरची कशाला आणायची?

दोन अटी घातल्या. बाटली आठ युरोच्या आत. आणि पांढरी, थोडी गोडसर.

गोडसर का, ते जानेवारीत कळलं. रश्श्याबरोबर कुणीतरी आणलेली चांगली, महाग, 14 टक्के अल्कोहोलची लाल वाइन उघडली होती. दुसऱ्या घोटाला तोंडात आग. अल्कोहोल तिखटाला पेटवतं, आणि लाल वाइनचा तुरटपणा त्यावर आणखी ओरखडे काढतो. त्या दिवशी रस्सा वाया गेला आणि वाइनही. तेव्हापासून मनात होतं की हे नीट, वहीत लिहून करायचं.

मंगळवार, 5 मार्च

पहिली बाटली. सुपरमार्केटच्या खालच्या फळीवरची, 3 युरो 29 सेंट. म्युलर-थुरगाऊ जातीच्या द्राक्षांची, 9.5 टक्के अल्कोहोल, लेबलवर 'लीबलिश' म्हणजे गोडसर. सोबत मिसळ.

वास छान होता, जायफळ आणि पिकलेल्या पेअरसारखा. घोट घेतला आणि सगळं तिथेच थांबलं. गोड, गुळमट, पुढे काहीच नाही. कटाच्या तर्रीपुढे तर ती साखरपाणीच वाटली. नवरा म्हणाला, "सरबतात लिंबू विसरल्यासारखं वाटतंय."

मला दुसरंच आठवलं. आमटीत गूळ पडला आणि चिंच राहिली की अशीच चव लागते. आई अशी आमटी कधीच ताटात वाढायची नाही. चिंचेचा कोळ घालून, आणखी एक उकळी आणून मगच पातेलं उतरवायची.

नोंद: गोडी किती हा अर्धाच प्रश्न आहे. आंबटपणा किती, हे आधी बघायचं.

शनिवार, 9 मार्च

आज बाटली उघडली नाही, लेबलं वाचली. दुकानात तासभर उभी होते.

'ट्रोकन' म्हणजे कोरडी: लिटरला जास्तीत जास्त 9 ग्रॅम साखर. 'हाल्बट्रोकन', अर्धी कोरडी: 18 ग्रॅमपर्यंत. 'लीबलिश': 45 ग्रॅमपर्यंत. त्याच्या वर 'झ्यूस', म्हणजे गोडच. 'फाइनहर्ब' हा शब्दही पुष्कळ बाटल्यांवर दिसतो, पण कायद्यात त्याची व्याख्याच नाही. साधारण हाल्बट्रोकनच्या आसपास, कधी थोडं वर, कधी खाली. तो शब्द म्हणजे बनवणाऱ्याचा अंदाज.

मला आवडलं ते वेगळंच. ट्रोकनच्या 9 ग्रॅमलाही एक शेपूट आहे: आंबटपणा साखरेपेक्षा 2 ग्रॅमहून जास्त कमी असता कामा नये. म्हणजे 9 ग्रॅम साखर असेल तर निदान 7 ग्रॅम आम्ल हवं. हाल्बट्रोकनलाही असाच आम्लाचा हिशोब लावलाय. कायदा लिहिणाऱ्यांनाही चिंच आणि गूळ एकत्रच मोजावे लागले तर!

घरी येऊन हिशोब केला. लिटरला 40 ग्रॅमची गोडसर वाइन धरली तर 150 मिलिच्या ग्लासात 6 ग्रॅम साखर. आपल्या दोन चमचे साखरेच्या चहात याहून जास्त असते. 'गोड वाइन' म्हटल्यावर लोक दचकतात, तेवढं दचकण्यासारखं त्यात काही नाही.

बुधवार, 13 मार्च

रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षजातीचा वाढदिवस, असं इथे मानतात. 13 मार्च 1435 च्या एका हिशोबाच्या कागदात रीसलिंगच्या वेलींच्या खरेदीची नोंद आहे, काट्झेनएल्नबोगेनच्या काउंटच्या कारभारातली, र्‍युसल्सहाइमची. ते गाव इथून लोकलने जवळच. जवळजवळ सहाशे वर्षांपूर्वी कुणी कारकुनाने वेलीचे पैसे लिहून ठेवले म्हणून आज तारीख हाती आहे. वही ठेवणाऱ्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच.

म्हणून आज रीसलिंग. राइनहेसनमधल्या एका शेतकऱ्याची लिटरची बाटली, फाइनहर्ब, 5 युरो 80. रोजच्या पिण्याची वाइन इकडे अशी लिटरच्या बाटलीत मिळते, फिरकीच्या झाकणाची. सोबत थालीपीठ, लोणी, मिरचीचा ठेचा.

पहिल्यांदाच 'हां, हे' असं वाटलं. ठेच्याचा चटका बसला, वर घोट गेला, चटका ओसरला आणि तोंड पुन्हा स्वच्छ. थालीपीठातल्या धण्या-जिऱ्याच्या खमंगपणाला हिरव्या सफरचंदासारखा वास भेटला. गोडी आहे, पण पुढे येऊन बसत नाही.

रात्री बाबांना फोन केला. तासगावला आमची द्राक्षबाग आहे, थॉमसन आणि सोनाक्का. बाटलीची चौकशी आई करत नाही, बाबा थेट मालाची करतात.

"तिथं गोडी किती भरते गं?"

"मोझेल नदीकाठच्या 'काबिनेट' या हलक्या वाइनच्या रसाला निदान 70 अंश ओक्सले लागतं, बाबा."

"ब्रिक्समध्ये सांग."

मी गणित केलं: साधारण 17, म्हणजे शंभर ग्रॅम रसात जवळपास सतरा ग्रॅम साखर.

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "सतराला आपण माल तोडत पण नाही. आंबट असणार."

तेच तर. सतरा ब्रिक्सला तोडलेल्या घडात आम्ल भरपूर शिल्लक असतं. खायच्या द्राक्षाला ते चालत नाही, वाइनला हवं असतं. ओक्सले हे नाव फोर्ट्सहाइमच्या फर्डिनांड ओक्सले या कारागिराचं. एकोणिसाव्या शतकात त्याने रसाची घनता मोजायची तरंगती नळी इकडे रुळवली. बाबांच्या खिशातल्या रिफ्रॅक्टोमीटरचीच ती आजी.

रविवार, 24 मार्च

वर्म्सला जाऊन आले. शहराच्या उत्तरेला लीबफ्राउएनकिर्शे, म्हणजे मरियम मातेचं चर्च, आणि भोवती भिंतीच्या आत द्राक्षबाग. 'लीबफ्राउमिल्श' हे नाव इथलं. एके काळी या एवढ्याशा बागेच्या वाइनला मान होता. पुढे ते नाव पसरत गेलं, आणि विसाव्या शतकात राइनकाठच्या कुठल्याही बागेतली स्वस्त, गोडसर मिश्र वाइन त्या नावाने जहाजं भरभरून इंग्लंड-अमेरिकेला गेली.

बागेच्या भिंतीला टेकून उभी राहिले. वेली अजून उघड्या, काड्या बांधलेल्या. एवढ्या जागेचं नाव एवढ्या बाटल्यांवर लागलं, आणि शेवटी नावालाच डाग लागला. त्यात 1985 साली ऑस्ट्रियाच्या वाइनमध्ये गोडी-घट्टपणा वाढवायला डायइथिलिन ग्लायकोल घातल्याचं उघडकीला आलं, त्याची झळ जर्मन बाटल्यांनाही बसली. गोड म्हणजे फसवी, हे लोकांच्या डोक्यात बसलं. इथला शहाणा माणूस आजही 'मी ट्रोकनच पितो' असं अभिमानाने सांगतो, त्यामागे हे सगळं आहे.

मला हे अन्यायाचं वाटतं. भेसळ करणाऱ्यांचा आणि रास्त पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा संबंध काय? एका व्यापाऱ्याच्या बेदाण्यात गंधक जास्त निघालं म्हणून सगळ्या तासगावचा बेदाणा वाईट म्हणायचा का?

मंगळवार, 9 एप्रिल

गुढीपाडवा. बाटली नाही. पुरणपोळी, कटाची आमटी.

शनिवार, 13 एप्रिल

सकाळी बाजारातून श्पुंडेकेस आणलं. हे माइन्झचं लाडकं खाणं: चक्क्यासारखं मऊ ताजं चीज, त्यात कांदा आणि लाल पाप्रिका, बुडवून खायला छोट्या खाऱ्या ब्रेत्सेल. संध्याकाळी लॅबमधली सहकारी आली. ती पक्की ट्रोकनवाली. म्हणते, "लीबलिश माझी आजी प्यायची."

दोन ग्लास तिच्यापुढे ठेवले, बाटल्या आत. एक राइनहेसनची ट्रोकन सिल्वानर, दुसरी 35-40 ग्रॅम गोडीची, पण चांगली आंबट रीसलिंग.

नुसती चाखली तेव्हा तिला सिल्वानर आवडली. श्पुंडेकेसबरोबर दोन्ही बऱ्या. मग गरम कोथिंबीर वडी आणि ठेचा दिला. तिने वडी खाल्ली, सिल्वानरचा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला. दुसरा उचलला आणि तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही. "ही गोड आहे?" असं तिने दोनदा विचारलं. मी बाटली दाखवली. ती मागचं लेबल बराच वेळ वाचत होती.

माझ्या मते तिची जीभ आधीही चुकत नव्हती. जर्मन घरात लीबलिश यायची ती केकबरोबर, नाहीतर नुसतीच. ठेच्याशी तिची गाठ कधी पडलीच नव्हती.

शनिवार-रविवार, 27 आणि 28 एप्रिल

मोझेल. 49 युरोच्या मासिक तिकिटावर लोकल गाड्यांनी गेलो: माइन्झ, राइनकाठाने कोब्लेन्झ, तिथून नदीच्या वळणांबरोबर बुलाय, आणि बुलायहून छोट्या फाट्याने ट्राबेन-ट्रारबाख. वाटेत मी खिडकीची जागा सोडली नाही. नदीवर थेट कोसळतील असे डोंगर, आणि त्यांवर उभ्या रेघांनी वेली. बाबांच्या बागेत मांडव आहे, ठिबक आहे, खालून ट्रॅक्टर जातो. इथे प्रत्येक वेलीला स्वतःचा एक खांब, आणि काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या. तारा नाहीत, त्यामुळे माणसाला आडवंतिडवं फिरता येतं. ट्रॅक्टरला इथे वाट नाही. बहुतेक काम हातानेच.

ज्या शेतकऱ्याकडे उतरलो होतो ते साठीचे, नवरा-बायको दोघंच राबतात. संध्याकाळी ते मला वर घेऊन गेले. पायाखाली माती अशी नाहीच, पाटीच्या दगडाचे तुकडे. शाळेतली पाटी फुटल्यावर व्हायचे तसेच निळे-काळे, चपटे, कडेला धारदार. एक उचलला. ऊन जाऊन अर्धा तास झाला होता, हवेत बोचरी थंडी, आणि दगड हातात कोमट. दिवसाचं ऊन तो रात्री वेलीला परत देतो. एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकतं त्यात या दगडाचा, उताराचा आणि खालून ऊन परतवणाऱ्या नदीचा वाटा आहे.

परतताना त्यांनी खालच्या ओढ्याकाठचा एक तुकडा दाखवला. त्याच आठवड्यात, 22 तारखेनंतरच्या रात्रींत, कडाक्याचं दंव पडलं होतं. बोटभर आलेले हिरवे कोंब काळे पडून लोंबत होते. एक कोंब त्यांनी दोन बोटांत धरला, तो चुरगळून पडला. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. घरात गारपिटीनंतरची सकाळ मी पाहिलेली आहे.

तळघरात त्यांनी सांगितलं ते बाबांसाठी लिहून ठेवते. रसातली साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल करतं. लिटरला साधारण 17 ग्रॅम साखर खाल्ली की एक टक्का अल्कोहोल. टाकी थंड करून, वाइन बारीक गाळून यीस्ट मध्येच थांबवलं की उरलेली साखर तशीच राहते, द्राक्षाची स्वतःची. म्हणून काबिनेट 8-9 टक्क्यांवर असते आणि गोडसर असते. दुसरी सोपी रीत: वाइन पूर्ण आंबवायची आणि मग बाजूला राखलेला न आंबवलेला रस त्यात मिसळायचा. तीही कायद्यात बसते, आणि स्वस्त बाटल्यांत पुष्कळ वापरली जाते.

यावरून दुकानात उभं राहून लागू पडेल असा एक ताळा मिळाला: रीसलिंग, अल्कोहोल 8 ते 9.5 टक्के, आणि 'ट्रोकन' हा शब्द नाही, तर गोडी आत आहे.

त्यांची 2023 ची काबिनेट: 8.5 टक्के, दाराशी विकत घेतली तर 7 युरो 50. साखर 42 ग्रॅम, आम्ल 8 ग्रॅमच्या वर. पहिल्या घोटाला पिकलेला पीच, मग लिंबाची साल, आणि शेवटी पावसाने ओल्या झालेल्या दगडाची आठवण. 42 ग्रॅम! मार्चमधल्या त्या 3 युरोवाल्या बाटलीत बहुधा याहून कमीच असेल. तरी ही हलकी आणि ती चिकट. सगळा फरक आम्लाचा. बाकी वाचलेलं विसरले तरी हा घोट विसरणार नाही.

सहा बाटल्या पाठपिशवीत घालून आणल्या, पाठ अजून दुखते.

शनिवार, 4 मे

रंगीत तालीम. एक काबिनेट उघडली, सोबत घरचा कांदा-लसूण मसाला घालून तांबडा रस्सा.

चूक झाली. थंड करायला वेळ नव्हता म्हणून बाटली फ्रीझरमध्ये ठेवली आणि भाकऱ्यांच्या नादात विसरले. निघाली तेव्हा बर्फाच्या कण्या होत्या. तशीच ओतली, तर वासच नाही. नुसतं आंबट पाणी. वीस मिनिटं ओट्यावर ठेवल्यावर पीच परत आला. 8 ते 10 अंश बरोबर, म्हणजे फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांनी.

रश्श्याला काबिनेट पुरून उरली. आधी रस्सा झणझणतो, घोट घेतला की निवतो, आणि पुढचा घास घ्यावासा वाटतो. अल्कोहोल कमी असल्यामुळे आग भडकत नाही हे जानेवारीच्या तुलनेत स्पष्ट कळलं.

भरल्या वांग्यांना मात्र ती किंचित बारीक वाटली. दाण्याचं कूट, खोबरं, तीळ, तेल, एवढ्या जाड चवीपुढे राइनहेसनची फाइनहर्ब बरी, तिला थोडं अंग आहे.

आणि आमटी. तुरीचं वरण, चिंच, गूळ, गोडा मसाला, मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी. वाटीतून एक भुरका, ग्लासातून एक घोट. दोन्हींत तोच तोल, आंबट पुढे, गोड मागे, फक्त एक गरम आणि एक गार. मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. रात्री आईला सांगितलं की तुझ्या आमटीची बहीण मोझेलला सापडली. आई म्हणाली, "चिंच जुनी घेतेस ना गं?"

शनिवार, 11 मे

श्रीखंडाबरोबर काबिनेट: नाही जमत. श्रीखंडाचा चमचा खाल्ल्यावर हीच वाइन लिंबूपाण्यासारखी आंबट लागते. गोड पदार्थाला वाइन त्याहून गोड हवी, आणि तशी बाटली आठ युरोत बसत नाही. श्रीखंडाबरोबर पाणी, नंतर कॉफी.

श्पार्गेल, म्हणजे पांढरी शतावरी, सध्या सगळीकडे आहे. 24 जूनपर्यंत हंगाम. तिच्यासोबत इथले लोक सिल्वानर घेतात आणि ते बरोबरच आहे.

रविवार, 19 मे

काल झालं. बारा जण, पाच काबिनेट, फाइनहर्बच्या लिटरच्या दोन बाटल्या. खर्च 49 युरो 10 सेंट. दोन पाहुणे पीत नाहीत, त्यांच्यासाठी द्राक्षाचा रस सोड्यात घालून ठेवला होता, आणि कोकम.

भडंगाच्या वेळी सगळे उभे होते, फाइनहर्ब तिथेच अर्धी झाली. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तिखट. त्यासोबत ती इतकी जाते की मुख्य जेवणाला उरेल की नाही अशी धाकधूक. रश्श्याला काबिनेट आली. सहकारीने काही न विचारता ग्लास पुढे केला. तिचा नवरा पाल्झ या शेजारच्या वाइन-प्रदेशातला, त्याने आधी स्वतःची ट्रोकन आणली होती. ती त्याने रश्श्याच्या पहिल्या वाटीनंतर बाजूला सारली आणि नंतर दोनदा रस्सा मागून घेतला. आमच्यातल्या एका काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा अर्धा ग्लास घेतला. म्हणाल्या, "पन्ह्यासारखं लागतंय की गं." मला इतकं नेमकं वर्णन वाचायलाही मिळालेलं नाही.

एक राहिलं. आमटी भाताबरोबर शेवटी आली तेव्हा काबिनेट संपलेली होती. ज्या जोडीसाठी मी सगळ्यांत जास्त उत्सुक होते ती कुणालाच चाखता आली नाही. पुढच्या वेळी एक बाटली राखून ठेवायची आणि आमटी वाट्यांत घालून आधी द्यायची.

मंगळवार, 21 मे

मोझेलला फोन केला. बारा बाटल्या सांगितल्या, चार सहकारीच्या. शेतकरीणबाई म्हणाल्या की ओढ्याकाठच्या तुकड्यातल्या वेलींना दुय्यम डोळ्यांतून कोंब फुटतायत, घड थोडे असतील, पण वेली जगल्या. वरच्या उताराला काही झालं नाही.

बाबांना तेवढंच सांगितलं. त्यांच्याकडे खरड छाटणी होऊन काडी तयार होतेय. "तोडणीला कधी असतात ते?" विचारत होते. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबर, म्हटलं. "मग आमच्या फळछाटणीच्या वेळेलाच," ते म्हणाले, आणि तिथल्या रसाचं ब्रिक्स कळवायला सांगितलं.